करंजाखालचा टर्बो

आमची गाडी किती हळू चालते हे सांगायला लागलो की लोकांना वाटतं, मी फेकतो. फेकतो मी, नाही असं नाही. पण गाडीच्या बाबतीत फेकायची गरजच पडत नाही. सिंदेवाहीच्या अलीकडे जंगल लागतं तिथे एक म्हातारं वानर आमच्या टपावर चढतं आणि जंगल संपलं की उतरतं. त्यासाठी गाडी थांबवावी लागत नाही, हळूही करावी लागत नाही. पायी गेलो तर लवकर पोचू हे त्यालाही कळतं, पण गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे.

गाडी मी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली. किल्ली हातात देताना ते हसले होते. मला वाटलं, स्वभावानं चांगले आहेत. लहानशी, पाच दारांची, रंग एके काळी लाल असावा. तिची समोरची चाकं ओढतात आणि मागची नुसती सोबत येतात, वरातीत आत्याचा नवरा येतो तशी. आम्ही पिढीजात ढिवर. मच्छीमार सोसायटीच्या तलावावर पहाटे जाळं ओढायचं, मासोळी डब्यांत भरायची, वर बरफ टाकायचा, डबे डिक्कीत चढवायचे आणि नागभीडच्या आठवडी बाजारात न्यायचे, हे या गाडीचं काम. तिच्या आतल्या वासाबद्दल एवढंच सांगतो की आमच्या गल्लीतल्या मांजरी तिच्याभोवती देवळासारख्या प्रदक्षिणा घालतात.

विकायचं काम बायकोचं. मी बाजारात बसलो तर मासोळी विकली जात नाही, गोष्टीच विकल्या जातात, आणि त्याही उधार, असं तिचं म्हणणं आहे.

तर या बाजारात मासोळीवाल्यांची एक ओळ असते आणि त्या ओळीच्या टोकाला एक करंज आहे. घट्ट, काळ्या सावलीचा. सगळ्या ओळीत सावली म्हणजे ती तेवढीच. करंजाखाली बसलेल्याचा बरफ दुपारपर्यंत टिकतो. बाकीच्यांचा चहा प्यायला जाऊन येईतो पाणी होतो. मग गिऱ्हाईक येतं, कल्ला उघडून पाहतं, नाक मुरडतं आणि करंजाकडे जातं.

जागा कुणाच्या नावावर नाही. कायदा एकच आहे: उजाडताना ज्याची वस्तू जमिनीवर, त्याची जागा. म्हणून आदल्या संध्याकाळी जो तो आपली खूण ठेवून येतो. वीट, दगड, फुटकं टोपलं, जुनी चप्पल. आणि सकाळी ती खूण तिथे नसते. विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, कुत्र्यानं नेली असन. आमच्या बाजारातली कुत्री विटा खातात. एकदा तर एका बाईचा पाटा गेला, वरवंट्यासकट. कुत्र्याला चटणी वाटायची असेल.

म्हणजे खुणेला अर्थ नाही. जो आधी पोचेल त्याचा करंज. इतकी वर्षं आम्हीच आधी पोचत होतो, कारण बाकीचे एसटीनं, सायकलनं आणि ऑटोनं यायचे, आणि आमच्यापेक्षाही हळू अशी या जगात एकच वस्तू आहे, ती म्हणजे एसटी. बायको त्या सावलीत बसून म्हातारी होणार असं मी धरूनच चाललो होतो.

मग तिच्या चुलतभावानं पिकअप घेतली.

नवी कोरी, पांढरी, समोर लिंबू-मिरची आणि मागे चार ओळींची शायरी. पहिल्याच बाजाराला आम्ही पोचलो तर करंजाखाली त्याची ताडपत्री, ताडपत्रीवर तो, आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

“काऊन रे,” बायको म्हणाली, “म्या काल सांजी वीट ठेवली होती इथी.”

“वीट?” त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “मले तं नाई दिसली, बाई. कुत्र्यानं नेली असन.”

“लाल वीट होती. तुह्या गाडीच्या चाकाले टेका लावलेली हाय तशी.”

त्यानं चाकाखालच्या विटेकडे पाहिलं, विटेनं त्याच्याकडे पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला. “भाऊजी, तुमच्या गाडीच्या मांग होतो मी परवा. गाडी हाय का पाळना? मांगून पाह्यता पाह्यता मले झोप लागली.”

त्या दिवशी आम्ही उन्हात बसलो. फागुन लागायचा होता अजून, तरी दुपारी डब्यातल्या कतला मासोळीनं मान टाकली. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. अर्धे डबे परत आले आणि घरात रात्रीपासून सकाळपर्यंत मासोळीच मासोळी झाली. शेजाऱ्यांना वाटून झाली, मांजरींनी सुद्धा तोंड फिरवलं.

घरी आल्यावर बायको डबे धुताना म्हणाली, “होळीच्या आत आपली जागा नाई आली तं बाजार बंद. उन्हाळ्यात उन्हात बसून मासोळी नाई विकल्या जात. सोसायटीचा ठेकेदार येईन, तलावावरूनच उचलून नेईन, देईन थे घ्याचं आन् चूप बसाचं.”

हे ती चिडून म्हणाली असती तर मी काही मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे म्हणाली. तो बाजार तिचा होता. तिथे तिला नावानं विचारत येणारी माणसं होती, तिचा शब्द होता, भाव सांगितला की घासाघीस थांबत होती. ठेकेदारानं तलावावरून माल उचलला की ती नुसती माझी बायको उरणार होती, आणि त्या पदात काही दम नाही हे मी स्वतः जाणतो.

“आपुन थोडे आधी निंगू,” ती म्हणाली.

हा उपाय मला पटला नाही. एक तर अंधारात जाळं ओढता येत नाही. दुसरं, रस्त्यात एका टपरीवर मी चहाला थांबतो, पण तो वेळ धरायचा नसतो; तो इंजिन थंड व्हायला लागतो. दोष गाडीच्या जोरात होता. आणि जोर वाढवायचा उपाय मला सापडला होता.

मोबाइलवर एक दाढीवाला आहे, कुठल्याशा बर्फाळ देशातला. तो आपल्या गॅरेजात जुन्या, समोरच्या चाकांच्या गाड्यांना टर्बो बसवतो. त्याची भाषा मला कळत नाही, पण इंजिन उघडलं की सगळ्या माणसांचा चेहरा सारखाच होतो. जेवताना तो, झोपताना तो, जाळ्याला गाठ मारताना तो. टर्बोची गंमत अशी आहे: इंजिनाचा धूर मागच्या नळीतून फुकट जातो. टर्बो त्या धुराला म्हणतो, जाता जाता एक काम करून जा. धुरानं एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा असतो, आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. लोहाराचा भाताच आहे. फक्त भाता ओढायला माणूस लागत नाही, गाडीचा धूरच तो ओढतो.

अर्थात जुन्या इंजिनाला एवढा दाब झेपत नाही. पिस्टन फुटतात, गॅसकेट जळतं. दाढीवाल्यानं चार इंजिनं फोडली तेव्हा पाचवं जमलं. माझ्याकडे एकच होतं, म्हणून मी पाचव्यापासूनच सुरुवात करायचं ठरवलं.

रेल्वे फाटकाजवळ आमचा मिस्त्री बसतो. ट्रॅक्टर, ऑटो, धान कांडायची मशीन, सगळं करतो. कुठलंही काम सांगा, तो नाही म्हणत नाही. विमान बनवायचं आहे म्हटलं तरी विचारेल, हॉर्न कोनता लावू. मी त्याला मोबाइल दाखवला.

“टर्बो बसवाचा हाय.”

“होऊन जाईन.”

“पिस्टन बदलावं लागन.”

“होऊन जाईन.”

“गिअरबॉक्सले थो जोर झेपन का?”

“भाऊ,” तो हात पुसत म्हणाला, “झेपलं तं झेपलं. नाई झेपलं तं आवाज येईन, आवाज आला का समजून जाऊ.”

असा माणूस भेटायला भाग्य लागतं. आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्याच्या दुकानासमोर बसून बेत करू लागलो. पहिल्या संध्याकाळी आम्ही पिकअपला मागे टाकलं, दुसऱ्या संध्याकाळी नागपूरच्या एक्सप्रेसला. आठवडा संपता संपता गाडीला ब्रेक कोणते लावावेत यावर आमचं गंभीर भांडण झालं, कारण माझ्या हिशेबानं ती नागभीडला थांबणार नव्हती, सरळ ब्रह्मपुरीत जाऊन थांबणार होती आणि बायकोला तिथून एसटीनं परत यावं लागणार होतं. गाडीचा एक नटसुद्धा अजून उघडला नव्हता.

घरी मी अंगणात खडूनं पूर्ण इंजिन काढलं. हवा कुठून येते, धूर कुठून जातो, बाण बिण. दुसऱ्या दिवशी बायकोनं सारवलं. पिस्टन गेले, टर्बो गेला, तुळशीजवळ एक सायलेन्सर तेवढा उरला. मी पुन्हा काढलं आणि तिला बसवून समजावलं.

“पाय, समोरचे चाकं ओढते अशा गाडीचं एक दुखनं रायते. जोर लावला का वजन मांग जाते. मंग समोरचे चाकं हलके होते आन् जाग्यावरच फिरते.”

“मंग?”

“आन् आपले डबे डिक्कीत. म्हनजे मांग आधीच जड. म्हनून डबे समोरच्या सीटवर ठेवाचे.”

“आन् मी?”

“तू मांग बसजो.”

“मासोळ्या समोर बसतीन, काच खाली करून हवा खात जातीन. आन् मी डिक्कीत.”

“डिक्कीत नाई म्हटलं, मांगच्या सीटवर म्हटलं.”

“पट्टा बी बांधून द्या त्याइले,” ती म्हणाली. “पोलीस पकडन.”

दुसरी अडचण मला जास्त छळत होती. टर्बोनं दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेनं जोर कमी होतो. म्हणून ती इंजिनात जाण्याआधी थंड करावी लागते. त्यासाठी दाढीवाला समोरच्या जाळीमागे एक मोठी पेटी बसवतो. आमच्या गाडीत तेवढी जागा नाही. पण एका व्हिडिओत त्यानं काय केलं, तर बरफाच्या पाण्यातून नळी फिरवली. बरफ. मी ताटावरून उठलो. जगातल्या सगळ्या टर्बोवाल्यांना बरफ विकत आणावा लागतो. आमची गाडी जन्मापासून बरफ घेऊनच फिरते. डब्यांतून नळी फिरवायची, बस. हवा थंड, मासोळी थंड, एका बरफात दोन कामं. हे अजून दाढीवाल्यालाही सुचलं नव्हतं.

बायकोनं ऐकून घेतलं. “बरफ इंजिनले द्याल तं मासोळ्याइले काय द्याल?”

“एवढ्या लवकर पोचू का बरफाची गरजच नाई.”

“आन् मासोळ्या शिजून निंगल्या तं?”

“तं भाव जास्त येईन,” मी म्हणालो.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मला वाटलं, बेत मंजूर झाला. “आना काय आनाचं थे,” ती म्हणाली. “पन होळी जवळ आली, तेवढं ध्यानात ठेवा.”

चंद्रपूरला जुन्या शहराच्या परकोटाबाहेर भंगाराची दुकानं आहेत. त्यातल्या एका चाचांकडून आमच्या वडलांनी नावेला लावायला पत्रे आणले होते, तेव्हापासूनची ओळख. चाचा एका डंपरच्या टायरमध्ये बसलेले असतात. टायर आडवा, त्यात गादी, गादीवर चाचा. राजाचं सिंहासन यापेक्षा मोठं नसेल.

“टर्बो पायजे, चाचा.”

चाचांनी हात मागे घातला आणि एक काढून दिला. कुठल्याशा अपघातातल्या डिझेल गाडीचा. ओंजळीत मावेल एवढा, गोगलगायीच्या शंखासारखा. मी तो वर खाली करून पाहिला. एवढ्याशा वस्तूवर माझ्या बायकोचा बाजार टांगायचा? माझी नजर मागे गेली. भिंतीला टेकून एक प्रचंड काळं लोखंड पडलेलं होतं. आकार तोच, गोगलगायीचाच, पण आमच्याकडे लग्नात वरण शिजवायचा गंज असतो, त्या मापाचा. तोंड असं की त्यात कोंबडी अंडी उबवत बसावी.

“थो कोनाचा?”

“वो कोयला खदान के डंपर का है. लिलाव में आया.”

तुम्ही डंपर पाहिले नसतील तर सांगतो. त्याच्या चाकाजवळ माणूस उभा राहिला तर चाक माणसाला विचारतं, काय काम आहे. असा डंपर, पाठीवर कोळशाचा डोंगर घेऊन खाणीच्या तळातून वर चढतो, तो या टर्बोच्या जोरावर. मी मनात सरळ गणित मांडलं: लहान टर्बोनं लहान गाडी पळते, डंपरच्या टर्बोनं डंपर पळतो, तर डंपरचा टर्बो लहान गाडीला लावला तर काय होईल? दाढीवाल्यानं हे कधी केलं नव्हतं. त्याच्या देशात कोळसा नसेल.

“हाच द्या.”

“गाडी कौनसी है?”

मी बाहेर बोट दाखवलं. चाचा टायरमधून उठले. ते सहसा कुणासाठी उठत नाहीत. बाहेर पाहिलं, आत पाहिलं, पुन्हा बाहेर पाहिलं.

“भाऊ,” ते म्हणाले, “ये टर्बो उस गाडी में नहीं लगता. वो गाडी इसमें लगती.”

“मिस्त्री बसवून देते.”

“मिस्त्री को बोलो पहले गाडी को बडा करे.” मग माझं तोंड पाहून त्यांना दया आली असावी. “ले जा. नहीं लगा तो लोखंड है, कुछ ना कुछ काम आताच है.”

चार हमालांनी तो डिक्कीत ठेवला. ठेवला म्हणजे गाडीचं मागचं बूड जमिनीला टेकलं आणि नाक वर गेलं. मूल गावाच्या पुढे मला रस्ता दिसतच नव्हता. आभाळ दिसत होतं. बगळे कुठे वळतात ते पाहून मी वळणं घेतली. स्टिअरिंग इतकं हलकं झालं होतं की एका बोटानं फिरत होतं, फक्त त्याचा चाकांशी काही संबंध उरला नव्हता. जंगलाच्या तोंडाशी आमचं वानर नेहमीच्या दगडावर बसलेलं होतं. त्यानं गाडीकडे पाहिलं, उठलं आणि पायी निघालं.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून ठेवलंच होतं. आम्ही फाटकावरची दोन माणसं बोलावून टर्बो उतरवला आणि इंजिनाशेजारी जमिनीवर ठेवला. इंजिन त्याच्यापेक्षा लहान होतं. मिस्त्री एकदा टर्बोभोवती फिरला, एकदा गाडीभोवती फिरला. मी वाट पाहत होतो, पण ते दोन शब्द येईनात.

“होऊन जाईन ना?” शेवटी मीच म्हणालो.

“टपावर बसवला तं?” मिस्त्री हळूच म्हणाला.

माणूस शेवटपर्यंत हरला नाही, हे मी आजही सांगतो. त्यानं विहिरीच्या मोटारीचा पाइप आणला, एक टोक गाडीच्या सायलेन्सरला लावलं आणि दुसरं टर्बोच्या तोंडात खुपसून चिंध्यांनी घट्ट बांधलं. “आधी फिरवून पाहू,” तो म्हणाला, “मंग बसवू.” मी गाडी चालू केली आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी थरथरली, खिडक्यांच्या काचा वाजल्या, फाटकावर थांबलेले लोक खाली उतरून पाहायला आले. आमच्या इंजिनानं आयुष्यात जेवढा श्वास साठवला होता तेवढा सगळा फुंकला. टर्बोच्या आतून आधी थोडी कोळशाची भुकटी आली, मग एक पाल आली, आणि मग त्या मोठ्या पंख्यानं झोपेत कूस बदलावी तसा एक पाव वळसा घेतला. तिथेच थांबला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

“आवाज आला,” मिस्त्री म्हणाला. “समजून गेलो.”

गाडी पुन्हा चालू करायला आम्हाला ती फाटकापर्यंत ढकलावी लागली. बघणाऱ्यांनी मदत केली, पण हसत हसत केलेल्या मदतीत जोर नसतो. टर्बो परत डिक्कीत घालून मी घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. त्यात नवल नाही, माझ्या आधी सगळंच पोचतं.

तिनं डिक्की उघडून पाहिलं. हात लावून पाहिला. ढकलून पाहिला. मग पदर खोचून दोन्ही हातांनी ढकलला. टर्बो हलला नाही.

“कितीजनाइनं उचलला?”

“चार.”

“हं,” ती म्हणाली आणि आत गेली.

होळीच्या आधीचा शेवटचा बाजार दोन दिवसांवर होता. मी ते दोन दिवस घरात सावलीसारखा वावरलो. दाढीवाल्याचा व्हिडिओ लागला की मी मोबाइल पालथा घालायचो. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी डिक्कीतून टर्बो काढायला माणसं शोधत होतो, तर ती म्हणाली, “राहू द्या. मिस्त्रीले आन् फाटकावरच्या दोघाइले बोलवा. बाजारात जाऊन येऊ.”

“आत्ता? कायले?”

“खून ठेवाची हाय.”

मला ते उमगायला थोडा वेळ लागला, हे कबूल करतो. करंजाखाली पोचेपर्यंत मला वाटत होतं, ती वीट सोबत घेऊन आली असेल. तिथे उतरल्यावर तिनं बोटानं जागा दाखवली. करंजाच्या दोन मुळ्या जमिनीवर येऊन फाकतात, बरोबर त्यांच्या बेचक्यात. “इथी. थोडा इकडं. तोंड मुळीकडं करा. आता बसवा.” आम्ही चौघांनी कुंथत तो बसवला. अशा घट्ट बेचक्यात बसला की जणू करंजानंच त्याला जन्म दिला होता. ओळीतल्या दोन-तीन बाया आपापल्या विटा ठेवायला आल्या होत्या, त्या बघत उभ्या राहिल्या.

“हे काय होय, बाई?” एकीनं विचारलं.

“आमच्या घरच्याइनं चंद्रपूरवरून आनलं,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. तो टर्बोचा होता की माझा, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या.

सकाळी आम्ही नेहमीसारखेच उशिरा पोचलो. टपरीवर थांबलो होतो. इंजिन थंड करायला. बाजार भरला होता. पांढरी पिकअप करंजाशेजारी भर उन्हात उभी होती आणि तिचा मागचा बंपर एका बाजूनं लोंबत होता. झालं काय होतं ते ओळीतल्या सगळ्यांनी एकदम सांगितलं. चुलतभाऊ उजाडताना आला, नेहमीसारखी पायानं खूण बाजूला सारायला गेला आणि पायाचा अंगठा धरून खाली बसला. मग हातांनी ओढून पाहिलं. मग ओळीतल्यांना मदतीला बोलावलं. पण पिकअप आल्यापासून ज्यांच्या विटा कुत्र्यांनी नेल्या होत्या, त्या सगळ्यांची नेमकी त्याच दिवशी कंबर धरली होती. शेवटी त्यानं पिकअपला दोर बांधला आणि गाडी ओढली. टर्बो मुळीला अडकून बसला होता. तो आला नाही, बंपर आला.

आता तो टर्बोसमोर उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत काळा, कपाळावरही काळा हात फिरवलेला. आम्हाला बघून उठला.

“बाई, हे काय ठेवलं?”

“खून ठेवली.”

“अशी खून रायते काय? खून म्हनजे वीट, दगड.”

“वीट ठेवली होती,” बायको डबा उतरवत म्हणाली. “कुत्र्यानं नेली.”

ओळीत हसू पसरलं. सुक्या मासोळीवाली म्हातारी तोंडातला तंबाखू गालाला लावून म्हणाली, “आता मोठं कुत्रं पाय बाबू. हे नाई उचलत तुह्या कुत्र्याकडून.”

कायद्यात त्याला काही सापडेना. उजाडताना आमची वस्तू जमिनीवर होती, सगळ्या बाजारानं पाहिली होती, आणि तिच्यावर त्याच्या हातांचे ठसे होते. मग त्यानं आपली ताडपत्री उचलली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात नेऊन पसरली. बायकोनं आपली पसरली. लोखंड सावलीत थंडगार राहतं हे तिच्या लगेच लक्षात आलं. तिनं बरफाचा डबा उचलून टर्बोवरच ठेवला. टर्बो आणि बरफ एकत्र आणायचं माझ्या बेतात होतंच, एवढं तुम्ही ध्यानात घ्या.

दुपारपर्यंत डबे रिकामे झाले. जुनी गिऱ्हाइकं परत आली, तिच्या नावानं विचारत. ती भाव सांगत होती आणि घासाघीस थांबत होती. मी गाडीत बसून हे बघत होतो आणि गाडी पहिल्यांदाच मला पुरेशी वेगवान वाटली.

त्या दिवसापासून टर्बो तिथेच आहे. आजूबाजूची दुकानं आता ‘टर्बोच्या डाव्या हाताले’ अशी सांगितली जातात. ओळीतल्या बायांनी माझ्याकडे वळून विचारायला सुरुवात केली: भाऊ, असाच एक भेटन का, थोडा लहान चालन, नुसती जागा धरून राहिला पायजे. चुलतभाऊसुद्धा एकदा चहाचा कप घेऊन जवळ आला आणि पिकअपकडे बघत म्हणाला, “भाऊजी, थ्या चाचाकडं अजून मोठा हाय काय?” बायकोनं ऐकलं. “हाय म्हना,” ती म्हणाली, “पन आधी बंपर लाव.”

म्हणून मी पुन्हा चंद्रपूरला गेलो. चाचा टायरमध्येच होते. मला बघून ते दुसऱ्यांदा उठले आणि बाहेर जाऊन गाडीचं बॉनेट, टप, डिक्की, सगळं वाकून बघून आले.

“लगा क्या?”

“लागला, चाचा. असा लागला का पाह्यत राहावं.”

“फिर? कितना भागती?”

“भागत नाई,” मी म्हणालो. “जाग्यावरून हालतच नाई. म्हनून तं ओळीतल्या सगळ्या बायांले एक एक पायजे.”

चाचांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं. मग ते भिंतीकडे वळले आणि त्यांनी हमालांना हाक मारली.